सभागृहात उठलेले वळ

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या, पण यातला एक शब्दही पदरचा नाही. माझ्या सख्ख्या मावशीची हकीकत आहे. दिवस रविवारचा, वेळ भर दुपारची, जागा एका शाळेचं सभागृह. भुतं फक्त अंधारात निघतात असं ज्याने सांगितलं, त्याने ती पाहिलेली नसणार.

मावशी नवरीचा मेकअप करायची. हात इतका सफाईदार की डाग औषधालाही सापडू नये. हीच सफाई तिच्या मुळावर आली.

तिचा नवरा... त्याला काका म्हणायला माझी जीभ रेटत नाही... रोज मारायचा. आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. बायकोचं डोकं फुटलं तरी चालायचं.

सकाळी मावशी वळ झाकून कामावर हजर. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

एका संध्याकाळी छातीवर गुडघा रोवून तो तिचा गळा आवळत होता. चाचपडताना तिच्या हाताला इस्त्री लागली. तिने हाणली.

तो आडवा झाला... तरी ती हाणतच राहिली.

पोलिसांना शेजारीण म्हणाली, "इतकी वर्षं समोर राहते. तिच्या अंगावर साधा ओरखडा दिसला नाही कधी."

मावशी जामिनावर सुटली. तो मारायचा हे सांगणारं कुणीतरी मिळालं तरच ती वाचणार होती. म्हणून तिच्या वकीलबाईंनी शाळेच्या सभागृहात बायकांची सभा ठेवली. घराघरांत काय चालतं ते लोकांच्या कानावर जावं, हाही हेतू होताच. शेजारीण पहिल्याच रांगेत बसली होती.

मावशी माईकसमोर आली.

"तो मला..."

टेबलावर... खट्ट.

घड्याळ ठेवल्याचा आवाज. टेबल रिकामं होतं.

"आला," मावशी पुटपुटली. पांढरीफटक पडली होती.

फाडकन आवाज झाला. तिची मान गर्रकन वळली... आणि गालावर चार बोटं उठली.

समोर कुणीच नव्हतं.

दुसऱ्या फटक्यात ओठ फुटला. मग तिचे केस आपोआप ताणले गेले आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. रक्त पहिल्या रांगेपर्यंत उडालं. वकीलबाई धावल्या, तर कुणीतरी त्यांना भिंतीवर भिरकावलं. बाकी सगळ्या जागीच थिजल्या.

मावशीच्या गळ्यात बोटं रुतत होती. तशातही तिने शेजारणीकडे पाहिलं.

"आता तरी दिसतंय ना, वहिनी?"

शेजारणीने रडत रडत मान डोलावली.

खटल्याआधी वकीलबाईंनी तिला गाठलं, तर ती म्हणाली, "मेलेला माणूस मारतो असं सांगू? लोक वेड्यात काढतील मला."

कोर्टात शेजारणीला विचारलं, नवऱ्याने हिला मारलेलं कधी पाहिलंत का?

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

मावशीला जन्मठेप झाली.

परवा तुरुंगात भेटायला गेलो. काचेपलीकडे ती बसली, तर गळ्यावर ताजे वळ.

"कुणी मारलं?"

तिने आधी मागे वळून पाहिलं.

"कोठडीत आणखी बायका आहेत," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जातं. सकाळी विचारलं की म्हणतात, आम्हाला गाढ झोप लागली होती."

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. शेजारच्या घरात काही आदळलं तरी मी दचकून उठतो. दारापर्यंत जातो... आणि कडी काढायचा धीर होत नाही.