झोकेवाला आणि भिंगरीची आई

“आणि तिला आवडतं काय?”

फोनवरचा हा आवाज तिच्या कानात वर्षभर वस्तीला होता. जरासा घोगरा, घाई नसलेला.

त्याआधी तिनं आठ ठिकाणी फोन केले होते. लेक पाच वर्षांची. ऑटिझम आहे, ऑक्युपेशनल थेरपी लवकर सुरू करा, रोजची कामं तिच्या अंगवळणी पडतील, आवाजाशी-स्पर्शाशी तिचं जमेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सांगणं सोपं होतं. आठही ठिकाणी आधी तोच पाढा : बोलत नाही का? नजर देत नाही का? बटणं लावता येत नाहीत का? ‘नाही, नाही, नाही’ म्हणून तिच्या जिभेला घट्टे पडले. कुठे जागा नव्हती, कुठे ‘दोन महिन्यांत सुधारून देतो’ म्हणणारे होते, त्यांच्याकडे तिनं पाठ फिरवली. आणि नवव्या ठिकाणी हा आवाज.

ती गडबडलीच. “कापूस,” ती म्हणाली. “आणि... माझ्या शिलाई मशीनची धडधड. मी शिवायला बसले की माझ्या पायाला पाठ लावून बसते.”

“म्हणजे पाठीनं ऐकते!” आवाज खुश झाला. “नाव लिहून घेतो. खोटं कशाला सांगू, यादी मोठी आहे. वर्ष तरी जाईल. पण नंबर येईल.”

वर्ष गेलं. नंबर आला नाही. आवाज मात्र आला, तोही तिच्या शिलाईच्या दुकानात, खांद्यावर फाटका झोका टाकून.

दुपारची वेळ होती. टेलरबाई कुणाच्या तरी झग्याला हातशिलाई घालत होती. दारात उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस, खांद्यावर निळ्या, ताणणाऱ्या कापडाचं हे एवढं बोचकं.

“हे शिवून मिळेल का? आत पोर बसतं.”

“किती वजनाचं?”

“वीस किलो. पण उड्या मारणारं वीस किलो.”

तिची सुई थांबली. मान वर झाली. तो घोगरेपणा... ती बिनघाई...

“तुम्ही—” ती म्हणाली, “तुम्ही फोनवर विचारलं होतंत. तिला आवडतं काय म्हणून.”

त्यानं क्षणभर डोळे बारीक केले आणि बोचकं खाली टाकून चुटकी वाजवली. “कापूस आणि मशीनची धडधड!”

एवढ्या शंभर फोनांमधून हे एक याच्या लक्षात राहावं? तिनं घाईघाईनं झोका उलगडला, नाहीतर चेहऱ्यावरचं सगळं त्याला वाचता आलं असतं.

“एकेरी शिलाईवर पोरं लोंबकळवता?” ती करवादली. “ज्यानं शिवलं त्याला एकदा यात बसवा.”

“मीच शिवलंय.”

“मग तुम्ही बसा.”

तो मोठ्यानं हसला. मशीनखालून एक डोकं बाहेर आलं, त्याला बघून पुन्हा आत गेलं. तो वाकला नाही, ‘अले बाळा’ केलं नाही. नुसता जमिनीवर बसला, भिंतीला टेकून, दुसरीकडे बघत. बऱ्याच वेळानं ते डोकं पुन्हा बाहेर आलं आणि या वेळी थांबलं.

भिंगरी. दिवसातून शंभर गिरक्या घेते म्हणून भिंगरी.

“एक सांगून ठेवते,” तिहेरी शिलाईचा झोका त्याच्या हातात देताना ती म्हणाली. “आमचा नंबर पुढे घ्या असं मी म्हणणार नाही. आमच्या पुढे उभ्या आहेत त्याही आयाच आहेत.”

“म्हणालात तरी मी घेणार नाही.”

“मग ठीक आहे.”

“मग ठीक आहे,” तोही म्हणाला. दारापर्यंत गेला, वळला. “झोके मात्र आणखी तीन आहेत. तेही मीच शिवलेत.”

तीन झोके त्यानं एकदम आणले नाहीत. महिन्याला एक आणला. हुशार माणूस!

चौथ्या महिन्यात रीतसर फोन आला, गुरुवार, पाच वाजता. तिनं फोन ठेवला आणि मशीनच्या पाट्यावर डोकं टेकून पोटभर रडली. मग तोंड धुतलं, आरशात बघितलं, आणि साडी बदलली. का बदलली, ते आरशाला माहीत.

केंद्राची खोली लांबट होती. छताला झोके, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात वाळूच्या उशा आणि वाळूचा हौद. पोरं त्याला झोकेवाला म्हणत. पहिल्या दिवशी भिंगरी पाऊण तास गादीखाली बसून राहिली आणि हा बाहेरून गादीवर हलकेच दाब देत राहिला, कणीक मळावी तसा. जाताना त्यानं तिच्या फ्रॉकची कड बोटात धरली.

“शिवणी बाहेरून? लेबल नाही, गळ्याला दुमड नाही... हे कोण शिवतं?”

“मी. टोचतं तिला. लोक म्हणतात, टेलरबाईच्या लेकीच्या अंगावर उलटा फ्रॉक.”

“लोकांना काय कळतंय,” तो म्हणाला. “अहो, आम्ही चार वर्षं शिकून जे करतो ते तुम्ही घरात बसून करताय. फक्त त्याला नाव काय ते तुम्हाला माहीत नव्हतं.”

तिला आजवर कुणी शाबासकी दिली नव्हती. नवऱ्यानं तर ‘तूच लाडावून ठेवलीस’ म्हणत तीन वर्षांपूर्वी घर सोडलं होतं. त्या संध्याकाळी ती मान ताठ करून घरी गेली, भर रस्त्यातून, उलट्या फ्रॉकातल्या लेकीचं बोट धरून.

मग गुरुवारामागून गुरुवार आले. भिंगरी अनवाणी पायांनी वाळूत उतरली. बरणीचं झाकण उघडायला शिकली. पहिलं बटण लावायला अकरा आठवडे लागले. ते लागलं तेव्हा झोकेवाल्यानं काचेतून बाहेर बघितलं, फक्त बघितलं, आणि बाकावर बसलेल्या टेलरबाईच्या हातातली सुई सरळ बोटात गेली.

“लागलं?” नंतर त्यानं विचारलं.

“बटण? हो, लागलं.”

“मी बोटाचं विचारतोय.”

“तुम्ही फक्त पोरीचं बघा, सर.”

“तेच तर करतोय...” तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

हे गिळणं तिला ऐकू येऊ लागलं होतं. स्वतःचंही.

आणि अचानक तो कमी व्हायला लागला. एका गुरुवारी शेवटची पाच मिनिटं त्याची सहकारी ताई आली. पुढच्या वेळी दहा मिनिटं. मग पंधरा. तो हळूहळू दाराकडे सरकत होता. टेलरबाई बाकावरून ते मोजत होती. कंटाळला हा. किंवा माझी नजर ओळखली आणि पळ काढतोय. माझ्या वेडेपणापायी पोरीचा आधार जातोय.

सहाव्या गुरुवारी तिनं त्याला व्हरांड्यात गाठलं.

“जायचं असेल तर सरळ जा की! असं चिमूटचिमूट काय जाताय?”

तो दचकला. “सरळ गेलो तर भिंगरी कोलमडेल. तिला बदल चमच्यानंच भरवावा लागतो. पुढच्या वर्षी शाळा आहे तिला. दप्तर, रांग, पेन्सिल, यात ताई माझ्यापेक्षा दसपट चांगली आहे. भिंगरीचं ताईकडे जाणं तिच्या भल्याचं आहे.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“चुकलो. सांगायला हवं होतं.” तो भिंतीकडे बघत होता. “दुसरंही एक कारण आहे, म्हणून जीभ रेटली नाही. मी तिचा थेरपिस्ट आहे तोवर ते कारण तोंडातून काढणं बरोबर नाही.”

तिच्या कानशिलांत मशीन धडधडायला लागलं.

“ऐका,” अखेर ती म्हणाली, आवाज सावरत. “ते कारण काहीही असो. माझी लेक तयार नसेल तर एक पाऊलही पुढे ढकलायचं नाही. वर्ष लागलं तरी चालेल. तिच्या वाटचं काढून मला काही नको.”

त्यानं तिच्याकडे बघितलं, कसं बघितलं म्हणून सांगावं... उन्हात वाळत घातलेलं कापड वाऱ्यानं भरतं तसा तो आतून भरून आला.

“म्हणून तर—” तो म्हणाला आणि वळून आत गेला.

पुढे दोन गुरुवार भिंगरी ताईला बघून पुन्हा गादीखाली गेली. दोन्ही वेळा त्यानं विनातक्रार पूर्ण पाऊण तास घेतला. तिसऱ्या वेळी ताईला चार मिनिटं मिळाली. असे तीन महिने. त्या कारणाचं नाव कुणी काढलं नाही. तिनं साडी मात्र दर गुरुवारी बदलली.

आणि मग एक गुरुवार. भिंगरीनं व्हरांड्यात बूट काढले, शेजारी शेजारी ठेवले. झोकेवाल्याच्या हाताला पाठ घासली, हा तिचा नमस्कार. ताईजवळ गेली, स्वतः तिचं बोट धरलं. उंबऱ्यावर थांबून मागे उभ्या असलेल्या दोघांकडे वळली.

“तुम्ही बाहेर,” ती म्हणाली.

आणि दार लावून घेतलं.

दोन शब्द! जिच्या तोंडून ‘आई’ निघायला पाच वर्षं लागली, तिनं आईला दोन शब्दांत बाहेर काढलं होतं. टेलरबाईची छाती अशी फुलली की ब्लाउजची शिवण उसवते की काय. डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती.

“ऐकलंत? हाकललं मला! माझ्या पोरीनं मला हाकललं!”

“मलाही,” तो म्हणाला. त्याचेही डोळे कोरडे नव्हते. मग त्यानं घसा साफ केला. “आजपासून तिची फाईल ताईकडे. म्हणजे मी आता तिचा कुणी सर-बिर नाही. म्हणजे... गुरुवार सोडून एखाद्या दिवशी, तुम्हाला वेळ असेल तर... म्हणजे नसला तरी—”

“अहो, पोरांना दोन दोन शब्द बोलायला शिकवता,” ती म्हणाली, “आणि स्वतःला एक वाक्य येत नाही?”

त्याचे कान लाल झाले. ती वाट बघत राहिली. मग तिला वाटलं, त्यानंच का? आपणही गिळलंच की, पहिल्या दिवसापासून. तिनं पदरानं डोळे पुसले, मान वर केली.

“माझा जीव जडलाय तुमच्यावर,” ती म्हणाली. “आणि हे भिंगरीची आई म्हणून नाही सांगत. मी सांगतेय.”