ब्रेकवरचा पाय

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी आइतमानच्या शेजारी राहतो आणि त्याच्या अंगणातली ती जीप रोज बघतो. त्यामुळे मला कुणी खोटं ठरवलं तरी फरक पडत नाही.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. मानेभंज्यांगच्या वरचं आमचं गाव, मंसिर महिना, म्हणजे तुमचा मार्गशीर्ष, भर दुपार. फक्त धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात.

आइतमानच्या बायकोला, सुकुमायाला, सकाळपासून कळा येत होत्या. पहिलटकरीण. सुईणीने पोटावरून हात फिरवला आणि तिचा चेहराच उतरला.

"मूल आडवं आहे. खाली शहरात न्या हिला. हे माझ्या हातचं काम नाही."

गावातल्या सगळ्या जीपा प्रवासी घेऊन वर शिखराकडे गेलेल्या. उरली एकच. आइतमानच्या थोरल्या भावाची, जंगबीरची. तो गेल्यापासून वर्षभर अंगणात उभी, चाकांमागे दगड लावून. इंजिन आइतमान अधूनमधून चालू करायचा, पण मागचं डावं चाक पार जाम.

जंगबीर कसा गेला ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वळणावर रस्त्याची कड खचली आणि जीप दरीवर कलली. त्याने ब्रेक दाबून धरला आणि ओरडला, "उतरा! एकेक करून मागून उतरा!" सगळे उतरले आणि दोर आणायला पळत सुटले. परत आले तेव्हा जीप तशीच होती. जंगबीर मात्र स्टिअरिंगवर डोकं टेकून गेलेला. छातीत कळ आली असणार.

पाय ब्रेकवरच होता. तो काढायला दोन माणसं लागली.

आइतमानने जॅक लावून चाक काढलं. आतला ब्रेकचा ड्रम गंजून लाल झालेला. त्याने रॉकेल ओतलं, मागून ब्रेक सैल केला आणि लाकडाचा ठोकळा धरून ड्रमच्या कडेकडेने हातोडा मारायला लागला.

टण… टण… टण…

तो थांबला.

टण…

"डोंगरात घुमतंय," तो स्वतःशीच पुटपुटला. पुन्हा ठोकलं. पुन्हा थांबला. पुन्हा एक जास्तीचा…

आणि तो डोंगरातून नव्हता. ड्रमच्या आतून होता.

तेवढ्यात घरातून सुकुमायाची किंकाळी आली. भूतबीत सुचायला वेळ होता कुणाला! त्याने दात-ओठ खात ड्रमला हात घातला आणि चटकन मागे घेतला.

ड्रम गरम होता.

सगळा घाट उतरून आलेल्या गाडीचा असतो तसा. करपलेल्या ब्रेकचा वाससुद्धा तोच… वर्षभर जागची न हललेल्या गाडीला.

जंगबीरची बायको फुलमाया चहा घेऊन आली. "भावजी, दोन घोट घ्या. अहो, तोंड का असं पांढरंफटक?"

"वहिनी, जरा गाडीत डोकावता? कोण बसलंय का बघा."

"कोण बसणार? थट्टा सुचतेय होय या वेळी!"

ती डोकावली. हातातला पेला तिथेच पडला.

ब्रेकचं पेडल खाली गेलेलं होतं. पार तळाला टेकलेलं.

आइतमानने ते हाताने वर ओढलं. थोडं आलं… आणि मग सावकाश, जड पाय ठेवावा तसं, परत खाली गेलं.

फुलमाया ओरडली नाही. रडायलाच लागली.

"यांना कुणी सांगितलंच नाही हो, भावजी."

"काय सांगितलं नाही?"

"सगळे उतरले म्हणून. पळाले सगळे. पत्र्यावर थाप कुणी मारली?"

आमच्याकडे ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. धुक्यात दिसणार आहे काय डोंबल! मागचा माणूस पत्र्यावर दोन थापा मारतो, म्हणजे सगळं ठीक, सोडा. एक थाप म्हणजे थांबा. एक पडली की पाय ब्रेकवर, का म्हणून विचारायचं नाही. जंगबीरनेच हे आइतमानला कान पिळून शिकवलं होतं.

फुलमायाने डोळे पुसले आणि पत्र्यावर हात आपटला.

धप्प. धप्प.

"उतरले हो सगळे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सोडा आता."

काहीच झालं नाही…

मग पेडल वर आलं. मागे काहीतरी कटकन सुटलं. आइतमानने बोट लावलं, तर ड्रम गरगर फिरला.

तो रडत होता आणि हसतही होता. चाक चढवलं, इंजिन सुरू केलं, सुकुमायाला मागे गोधड्यांवर निजवलं. फुलमाया तिच्याजवळ बसली. सुईणीने दगड काढले आणि पुढे येऊन उभी राहिली. त्याने गिअर टाकला.

धप्प.

मागून. बाहेरून. एकच.

"वहिनी… तुम्ही मारली?"

"मी हिचे दोन्ही हात धरलेत, भावजी."

तो दुसऱ्या थापेची वाट बघत राहिला. ती आलीच नाही.

"चला ना," सुकुमाया कण्हली. "कशाला थांबलात? चला!"

"पाय कुणी धरला नव्हता," आइतमान नंतर मला म्हणाला. "पाय माझाच होता. मीच उचलला नाही."

शेवटी आइतमान, मी आणि गावातले आणखी दोघं, अशा चौघांनी तिला टोपलीत बसवून आळीपाळीने पाठीवर घेतलं आणि पायवाटेने उतरलो. शहरात पोचेपर्यंत अंधार पडला. सुकुमाया वाचली.

मुलगी होती. वाटेतच गेली.

जंगबीर गेला त्या वळणावर त्या दिवशी काही म्हणता काही झालं नाही. वर गेलेल्या सगळ्या जीपा संध्याकाळी तिथूनच सुखरूप उतरल्या.

फुलमाया म्हणते, "यांनी वाचवलं तुम्हाला." सुकुमाया भांडत नाही. एकदाच तिने नवऱ्याला विचारलं, "गाडी सुरू होती. मग मला का उतरवलं?"

जीप अंगणातच आहे. चाक मोकळं फिरतं, पण ती कुणी चालवत नाही.

धुकं उतरलं की सुकुमाया एकटीच बाहेर येते. पत्र्यावर दोन थापा मारते आणि कान देऊन उभी राहते. मला माझ्या घरातून ऐकू येतं.

दोन…

आणि मग, जरा वेळाने, एक.