पुढचा दांडा

"दादा, तू वासरू हो!" आत्याने हुकूम सोडला.

"मीच का? टिल्लीला कर ना!"

"टिल्ली म्हणजे नुसती काडी. वासरू तुझ्याएवढं असतं. चल, आडवा हो!"

दादा कुरकुरत गाडीच्या मागच्या भागात पाय दुमडून आडवा झाला. "हंबरूही का?"

"नको, तसाही तू दिवसभर हंबरतच असतोस!" टिल्ली म्हणाली.

"मावलं वासरू!" आत्याने वहीत खूण केली. मग टेप लावून गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं. तीही खूण झाली.

आत्या जनावरांची डॉक्टर. तिचे निम्मे रोगी ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. तिथला निसरडा चढ चढायला चारही चाकांत जोर असलेली गाडीच लागे. बावीस वर्षं हे काम 'म्हातारी'ने, म्हणजे आत्याच्या जुन्या निळ्या गाडीने केलं होतं. चढ संपला की आत्या गाईला थोपटावं तसं तिला थोपटायची, "शाबास गं बाई!" पण आता म्हातारी दर आठवड्याला आजारी पडू लागली होती. म्हणून सुट्टीला आलेल्या दोघा भाचरांना घेऊन आत्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आली होती.

"मॅडम, मध्यम आकार, परवडणारा भाव, वर फोर व्हील ड्राइव्ह!" दुकानदार म्हणाला. "अशी एसयूव्ही दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही!" त्याचं बोलणं इतकं मऊ होतं की दादाने त्याचं नाव लगेच 'लोणीकाका' ठेवलं.

एवढ्यात टिल्लीचा चेंडू घरंगळत गाडीखाली गेला. टिल्ली त्याच्यामागे सरपटत आत शिरली आणि तिथेच थबकली.

म्हातारीखाली झोपून आत्याने तिला कितीदा तरी दाखवलं होतं: इंजिनाचा जोर एका दांड्याने मागच्या चाकांना जातो, दुसऱ्याने पुढच्या. इथे मागचा दांडा होता. पुढचा नव्हता! त्याच्या जागी ग्रीस फासलेलं एक फडकं गुंडाळलं होतं.

"टिल्ली, खाली आहेसच तर बघ गं," वरून आत्याचा आवाज आला. "माझी कंबर धरलीय, वाकवत नाही. सगळं जागच्या जागी आहे ना?"

टिल्लीने तोंड उघडलं. पण तिला कालचा बाजार आठवला. म्हातारीने धूर ओकला होता आणि मुलं "आली, आगगाडी आली!" म्हणून खिदळली होती. या गाडीच्या छताला तर आकाश दिसणारी काच होती! नव्या गाड्यांना तो दांडा लागत नसेल, तिने स्वतःची समजूत घातली.

"हो! सगळं मस्त!"

आत्याने शेवटची खूण केली.

"तीन दिवस चालवून बघा. नाही आवडली तर परत," लोणीकाका म्हणाले. "जुनी मात्र बदल्यात आजच इथे सोडा."

"आणि नवी परत केली तर?" दादाने विचारलं.

"तर जुनी इथेच उभी असेल की!"

दुसऱ्याच दिवशी ओढ्याच्या चढावर नवी गाडी अडकली. आत्याने फोर व्हीलचा खटका ओढला, समोर हिरवा दिवाही लागला, पण गाडी जागची हलेना. शेवटी औषधांची पेटी घेऊन तिघं पायीच वर गेली.

आत्याने फोन केला. "दिवा लागतो ना? मग गाडी ठणठणीत आहे," लोणीकाका हसले. "चढावर चालवायला सराव लागतो, मॅडम!"

बावीस वर्षं तोच चढ चढलेली आत्या आपल्या तळहातांकडे पाहत राहिली. "माझेच हात थकले असतील रे," ती म्हणाली.

दुपारी टिल्लीने दादाला गाडीखाली नेऊन रिकामी जागा दाखवली. ती आधी कधी पाहिली होती, ते मात्र सांगितलं नाही.

"लबाड लोणी!" दादा उसळला. "पण नुसतं सांगून उपयोग नाही. तो म्हणेल, तुम्हीच काढलात. त्याच्याच हातून सिद्ध करायचं!"

तिसऱ्या दिवशी लोणीकाका कागदांवर सही घ्यायला आले. चारही चाकांना आत्याच्या दवाखान्यातल्या बँडेजच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या.

"हे काय?"

"गाडी आजारी आहे ना, काका!" दादा भोळा चेहरा करून म्हणाला. "आत्याला काही जमत नाही. तुम्हीच एकदा चढवून दाखवा. की घाबरता?"

"मी? अरे, मी झोपेतसुद्धा चढवीन!"

लोणीकाकांनी लांबून वेग घेतला. पण चढाच्या मध्यावर टिल्लीने एक शेळी बांधून ठेवली होती! करकचून ब्रेक लागला. शेळीने निवांत मान वळवून पाहिलं. पुन्हा निघायला गेले, तर इंजिन नुसतंच ओरडू लागलं.

"आत्या, पट्ट्या बघ!"

मागच्या पट्ट्या भिंगरीसारख्या फिरत होत्या. पुढच्या दोन्ही मुकाट लोंबत होत्या.

आत्याने गाडीची किल्ली काढून घेतली. "पुढचा दांडा कुठंय?"

लोणीकाकांचं लोणी वितळलं. "तुटला होता... दुरुस्ती महाग... म्हणून काढला."

"माझी गाडी परत द्या. आत्ता!"

"ती... ती काल तोडायला गेली."

भंगाराच्या आवारात म्हातारीचं एक निळं दार तेवढं ढिगावर उरलं होतं. आत्याने त्यावरची धूळ हाताने पुसली. मग ती मुलांकडे वळली. "शाबास, पोरांनो! तुम्ही नसतात तर मी फसले असते."

"शाबास नको म्हणूस!" टिल्ली रडू लागली. "मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तू विचारलंस, तेव्हा मी खोटं बोलले. मला ती काचेची गाडी हवी होती."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. आत्या पुन्हा त्या निळ्या दाराकडे वळली.

"विकायचीच होती मला ती," ती म्हणाली. "पण तोडायला नसती दिली गं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं टिल्लीला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

आठवड्याने दुसऱ्या दुकानात दुसरी गाडी पाहिली. छताला काच नव्हती. कुणी सांगायच्या आत टिल्ली खाली शिरली.

"दोन्ही दांडे आहेत!" ती इतक्या जोरात ओरडली की दुकानदार दचकला.

ती गाडी ओढ्याचा चढ एका दमात चढली. माथ्यावर पोहोचताच सवयीने आत्याचा हात थोपटायला उचलला गेला आणि हवेतच थांबला. ही ती नव्हती. मग तो हात हळूच टिल्लीच्या पाठीवर आला.

"शाबास गं बाई," आत्या म्हणाली.

टिल्लीने मान खिडकीकडे वळवली. खाली ओढ्याकाठी म्हातारीच्या चाकोऱ्या अजून तशाच होत्या.