नऊ नंबरचा बिल्ला

शीतगृहाच्या तळघरात उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला जिन्याच्या तोंडाशी, फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचा आणि वर आला की काढून घ्यायचा, हा नियम भाऊंचा. भाऊ तिथले भांडारपाल. एक नंबरचा बिल्ला त्यांनी स्वतःला ठेवला होता. तळघरात ते कधी उतरत नसत, पण पहिला नंबर दुसऱ्याला देणं त्यांच्या जिवावर आलं. बिल्ला कायम कोटाच्या खिशात.

त्यांचा जावई तिथेच मेकॅनिक. "मामा, माझ्या लग्नातही तुम्ही दारात उभं राहून माणसं मोजलीत," तो चिडवायचा.

"मोजली म्हणून तर कळलं, जावईबापू. जेवून गेलेले चौघं कुणाचेच नव्हते."

त्या दुपारी जावई चार नंबरचा बिल्ला टांगून यंत्रात गॅस भरायला खाली गेला. या गॅसला ना रंग, ना वास. हवेपेक्षा जड; गळाला तर पाण्यासारखा जमिनीशी साचतो आणि तिथली हवा हुसकून लावतो. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. पडलेला पाना उचलायला तो वाकतो आणि उठत नाही. मग त्याला उचलायला दुसरा धावतो, आणि दुसराही उठत नाही. म्हणून जिन्याच्या दारावर भाऊंनी लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं: वाकू नका. एकट्याने वाचवायला जाऊ नका.

ही अक्षरं बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा तिथे मास्तर नावाने ओळखले जाणारे जुने मेकॅनिक होते, बिल्ला नंबर नऊ. हात सोन्याचा, विसराळूपणा मात्र अस्सल. कितीदा तरी बिल्ला खिळ्यावर ठेवून घरी जायचे. एका संध्याकाळी भाऊंना नऊ नंबर तसाच लटकलेला दिसला. त्यांनी वैतागून तो काढला, खणात टाकला आणि नोंदवहीत मास्तरांपुढे लिहिलं, 'बाहेर : सव्वापाच'.

मास्तर खालीच होते. फळा रिकामा, म्हणून कुणी पाहिलंही नाही. सकाळी सापडले, यंत्राच्या पायाशी, वाकलेले. चौकशी समितीने नोंदवही तपासली आणि ठरवलं की ते बिल्ला न टांगता पुन्हा आत गेले असावेत. अहवालात त्यांच्या बेशिस्तीवर एक परिच्छेद होता. तो टंकायला भाऊंकडेच आला. भाऊंनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या. तिसरी चूक शुद्धलेखनाची नव्हती; ती तशीच ठेवली. तेव्हापासून नऊ नंबर कुलपातल्या खणात, किल्ली भाऊंच्या कमरेला.

तीन वाजून दहा मिनिटांनी गॅसगळतीचा भोंगा वाजला.

जावई धडधडत वर आला. दार ओढून घेतलं, बाहेरच्या खटक्याने हवा खेचणारा मोठा पंखा सुरू केला. "नळीचा सांधा उडाला, मामा. वाकलो नाही. पाना तिथेच."

"लागलं कुठे?"

"नाही. तुमच्या मुलीला सांगू नका म्हणजे झालं."

भाऊंनी अग्निशमन दलाला फोन केला. दहा मिनिटांत पोचतो, तिकडून सांगितलं. बाकीची माणसं वाऱ्याच्या उलट्या अंगाला, मोकळ्या आवारात जाऊन उभी राहिली. जावयाने चार नंबर काढून घेतला आणि थबकला.

"मामा… हा कुणाचा?"

नऊच्या खिळ्यावर नऊ नंबर लटकत होता. पितळेवर पांढरं हिम साचलं होतं, जसं गॅस सुटताना नळीवर साचतं. भाऊंनी कमर चाचपली. किल्ली होती.

"कुणाचाच नाही."

"मग टांगला कुणी?"

तेवढ्यात खालून आवाज आला. पाइपावर पाना वाजावा तसा. टक. टक. टक. मास्तर खाली असले की असेच तीन ठोके द्यायचे. म्हणजे, आहे मी.

"ऐकलंत? कुणीतरी आहे!" जावयाने रुमाल तोंडाला बांधला.

"रुमालातून हवा येत नसते."

"मग सांगा ना, खाली कोणी नाही म्हणून!"

हे वाक्य भाऊंच्या जिभेवर आलं आणि अडकलं. हेच त्यांनी एकदा लिहून ठेवलं होतं. आज खरंच कुणी असेल तर? आणि नसेल, पण हा पोरगा उतरला तर? ते दाराला पाठ लावून उभे राहिले.

"असेल कुणी. तरी तुम्ही जायचं नाही."

"माणूस मरतोय, मामा!"

"माहीत आहे मला."

टक. टक. टक. आता पाइपावर नव्हे. त्यांच्या पाठीमागे, दारावर… गुडघ्याच्या उंचीवर. पंखा घोंघावत होता. भाऊ हलले नाहीत, त्यांनी खाली वाकून पाहिलंही नाही.

मग ठोके थांबले.

अग्निशमन दलाची गाडी आली. पाठीवर हवेची टाकी बांधलेले दोघं दोर घेऊन उतरले. वीस मिनिटांनी वर आले. "कोणी नाही खाली," त्यांचा प्रमुख म्हणाला. "दाराला आतून धुळीत हाताचे ठसे आहेत तेवढे, पार खाली. जुने असतील."

 भाऊंनी कपाटातून बारा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. 'सव्वापाच' खोडलं. शेजारी लिहिलं, 'आत होते. बिल्ला मी काढला.' सही केली आणि वही जावयापुढे सरकवली. त्याने वाचलं. 

"वरच्या साहेबांना दाखवा," भाऊ म्हणाले. बारा वर्षांत प्रथमच त्यांना हलकं वाटत होतं.

जाता जाता त्यांनी फळ्याकडे पाहिलं. नऊचा खिळा रिकामा होता. त्यांनी सुस्कारा सोडला. मग नजर वर गेली.

पहिल्या खिळ्यावर एक नंबरचा बिल्ला टांगलेला होता. अजून हलत होता.

भाऊंनी कोटाचा खिसा चाचपला. रिकामा. बिल्ला काढायला त्यांनी हात वर नेला आणि तसाच धरून ठेवला. बिल्ला टांगलेला आहे तोवर माणूस आत आहे, हा नियम त्यांचाच होता.