हुंकार

तुम्ही गोष्ट सांगताय आणि समोरचा हुंकारच देत नाही, असं कधी झालंय का हो? जीभ कशी जागच्या जागी अडते ना?

काकूंच्या नवऱ्याचं सगळं लेखन त्या हुंकारावर चाललं. इतिहासावरची त्यांची पुस्तकं घरोघरी वाचली जायची, पण लेखणी त्यांनी कधी हातात धरली नाही. खोलीत फेऱ्या घालत ते वाक्य सांगायचे, मग थांबून विचारायचे, झालं? काकू लिहून झालं की म्हणायच्या, हं. तोवर पुढचं वाक्य नाही. एकदा काकूंना शिंकांची उबळ आली, तर बिचारा सेनापती अर्धा तास रिकिबीत एक पाय घालून ताटकळला, असं ते पाहुण्यांना रंगवून सांगायचे.

शेवटच्या कादंबरीतल्या फितुराला नदीत बुडवायचं त्यांनी पक्कं केलं होतं. ते प्रकरण सांगायच्या आधी तेच गेले.

त्यांच्या शिष्याने हस्तलिखित नीट लावून देतो म्हणून नेलं, फितुराला सुखरूप पैलतीरी पोचवलं आणि प्रकाशकाला हाताशी धरून पुस्तकावर स्वतःचंच नाव घातलं. काकू दोघांना जाब विचारायला गेल्या, तर शिष्य म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त उतरवून घेत होतात." प्रकाशक खाली बघून हसला. ते हसणं काकूंच्या काळजात रुतून बसलं.

स्मृतिसभा त्याच लिहायच्या खोलीत ठेवली होती. दुपार कलली होती. माणसं दाटीवाटीने बसली होती. शिष्य शेवटचं प्रकरण वाचायला उभा राहिला. फितूर होडीत चढला, तिथवर त्याने खणखणीत वाचलं. मग कागद खाली ठेवले, हात पाठीमागे बांधले आणि तो फेऱ्या घालू लागला.

"होडी मधोमध आली." तो थांबला. "झालं?"

लोक हसले. काय हुबेहूब नक्कल करतो, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. काकूंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हं."

"तळाची फळी निसटली... झालं?"

"हं."

खोलीत शेवाळाचा वास येऊ लागला. शिष्याचे पाय संथ चालत होते, पण डोळे काकूंवर खिळले होते, भेदरलेले. आवाजही त्याचा राहिला नव्हता. शब्दाआधी किंचित खाकरणारा तो आवाज काकूंनी संसारभर ऐकला होता.

"पाणी गळ्याशी आलं... झालं?"

काकू गप्प बसल्या. शिष्य चवड्यांवर उभा राहिला, हनुवटी वर ताणून. आता कुणीच हसत नव्हतं. त्याचे ओठ कसेबसे हलले, आणि या वेळी आवाज त्याचाच होता.

"काकू... नका... मी माझं नाव काढतो..."

त्यांच्या गप्प बसण्यावर एक जीव तगून होता. काकूंना ते कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, शांतपणे पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी काय बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "मी फक्त उतरवून घेते... हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, की त्याच्या छातीत पाणी भरलं होतं, गढूळ, वाळू मिसळलेलं. काकूंनी ते ऐकून घेतलं, आणि प्रकाशकाला संध्याकाळी चहाला बोलावलं.