ढिम्म नाडीचा माणूस

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजी काढणारी मी. दिवसभर लोकांना "घाबरू नका, लांब श्वास घ्या" म्हणून सांगत असते, आणि आता त्या बंद पेटीत स्वतःच रडकुंडीला आले होते.

वरचं दार किलकिलं झालं. फटीतून ग्रीसने माखलेला एक हात आत आला.

"धरा. ओढून घेतो."

"आणि पडले तर?"

"तर माझी नोकरी जाईल. म्हणून पडू देणार नाही."

मी हात धरला. वर आल्यावर तो सोडायचं भानच राहिलं नाही... आणि सवयीने माझी बोटं त्याच्या मनगटावर गेली. नाडी इतकी संथ, की जेवून आडवा झालेला माणूस बरा. मला चक्क अपमान वाटला. चांगली धडधाकट मुलगी हाताला लोंबकळतेय, आणि या गृहस्थाला काही म्हणजे काहीच नाही?

"तुम्ही जिवंत आहात ना?" मी विचारलं.

"बीटा ब्लॉकर," तो ओशाळून म्हणाला. "ब्लड प्रेशर आहे मला. छातीत सारखी धडधड व्हायची. रोज गोळी घेतो, ती हृदयाला आवरून धरते."

लिफ्ट जुनी, त्यामुळे हा नवा मेकॅनिक वरचेवर यायचा. एकदा आमच्या डॉक्टर मॅडमनी त्याला तपासलं, ईसीजी मीच काढला. काम झालं की माझ्या खोलीच्या दारात उभा राहून मनगट पुढे करायचा.

"आज?"

"ढिम्म."

"आत फार गडबड आहे, खरंच."

"मशीनला तर दिसत नाही."

"मशीनला काय कळतंय..." म्हणायचा, आणि असा बघायचा की पुढच्या पेशंटला जेल लावायचं मी विसरून जायचे.

एकदा मात्र तो हसला नाही. "कुणी आवडलं की छाती धडधडते म्हणतात," तो म्हणाला. "माझी धडधडत नाही. मग तुम्हाला कसं कळणार? आणि — मला तरी कसं कळणार?"

बाहेर पेशंट खोळंबले होते, तो निघून गेला.

त्यानंतर आठवडाभर तो फिरकलाच नाही. मग एके दुपारी दारात उभा. चेहरा चकाकत होता, मला वाटलं आनंदाने. त्याने हात पुढे केला.

मी बोटं टेकवली. नाडी भरधाव. माझे कान तापले, मी लाजून मान खाली घालणार... तोच जाणवलं, तळवा गारठलेला आहे आणि घामाने चिंब. वर पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

"गोळी घेतलीत?"

"सोडली. त्या दिवसापासून." त्याला धाप लागली होती, तरी तो हसला. "म्हटलं, गोळीमागे काय दडलंय ते एकदा बघू या. बघा ना... धावतंय की नाही?"

ही गोळी अशी एका दिवसात सोडायची नसते. तपासताना मॅडमनी त्याला माझ्यादेखत बजावलं होतं.

"अरे मूर्खा," मी ओरडले, "हे प्रेम नाहीये, हे..." त्याने छातीवर हात दाबला आणि तो स्टुलावर बसला.

मग टेबल, वायरी, ऑक्सिजन. हजारो ईसीजी पाहिलेत मी, पण त्या कागदावरच्या रेषा मला दिसतच नव्हत्या. मॅडम धावत आल्या, इंजेक्शन दिलं.

"आवरून धरलेलं हृदय एकदम मोकाट सुटलंय," त्या म्हणाल्या. "अशाने अ‍ॅटॅक येतो. अजून दोन दिवस काढले असते, तर..."

संध्याकाळी ठोके ताळ्यावर आले. गोळी पुन्हा सुरू झाली.

"आज याला इथेच ठेवू," मॅडम म्हणाल्या. "घरचं कुणी आहे का?"

"मी," मी म्हणाले.

नर्सचा हात थबकला. मॅडमनी चष्मा काढला. सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला होता.

"म्हणजे?"

"म्हणजे... ते अजून ठरायचंय."

"माझ्याकडून ठरलंय," मास्कमागून आवाज आला.

"तुला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले, आणि लक्षात आलं, दुपारपासून मी त्याला अरे-तुरे करतेय. "उद्यापासून रोज सकाळी माझ्यासमोर गोळी घ्यायची. माझ्या डोळ्यांदेखत. कळलं?"

त्याने मास्क जरा बाजूला सारला.

"रोज सकाळी?" तो हळूच म्हणाला. "मग एकाच घरात राहावं लागेल आपल्याला."

"लागेलच," मी म्हणाले, आणि मग मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना.