बिनधुराचं आकाश

"माझा सगळ्यात मोठा ढग वहीत नाही!" म्हणत मीनाक्षी जिना उतरली आणि गुरुदत्त-लिओनार्डचा कॅरमचा डाव तिथेच मोडला.

मे महिन्याची सुट्टी लागल्यापासून हे तिघं घोडपदेवच्या चाळीच्या गच्चीवरून रोज ढग टिपत होते. लिओनार्ड वाऱ्याची दिशा सांगे, गुरुदत्त घड्याळ बघे आणि मीनाक्षी चित्र रंगवून त्याच्यामागे वार-वेळ लिही. हे तिला शिकवलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या मास्तरांनी, चिंतामणीकाकांनी. स्वतःचा आवडता ब्रशसुद्धा त्यांनी तिला दिला होता. समोर दिसतं तेच काढायचं, मनचं नाही, असं ते दहादा बजावत. चाळीच्या वाचनालयात प्रदर्शन होतं, म्हणून चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवायला वहीही तेच घेऊन गेले होते आणि आज त्यांनी चिकटवलेली चित्रं वहीत घालून ती परत दिली होती.

गुरुदत्तने लगेच संशयितांची यादी केली आणि त्यात लिओनार्डची मांजरही घातली. पण शोध वाचनालयाच्या दारातच संपला. समोरच्या भिंतीवर, गिरण्यांच्या चिमण्यांवर फुललेला तोच ढग टांगला होता. खाली नाव होतं चिंतामणी विजयकर.

दुसऱ्या कुणी चोरलं असतं तर मीनाक्षी भांडली असती. काकांशी भांडायचं कसं? मोठ्यांपुढे आपलं कोण ऐकणार, असं गुरुदत्तही पुटपुटला. ती मात्र चित्राकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने गुरुदत्तला त्याच्या वडिलांना, दत्तारामांना, बोलवायला पिटाळलं.

दत्ताराम आले तेव्हा वाचनालय चालवणाऱ्या राधाबाई काकांचं तोंडभरून कौतुक करत होत्या.

मीनाक्षी पुढे झाली. "काका, हे कधी काढलंत?"

काका क्षणभर चाचरले. "मागच्या शुक्रवारी. सकाळी अकराला, माझ्या खिडकीतून."

"शुक्रवारी?" दत्ताराम चित्राजवळ गेले. ते गिरणीत बॉयलरवर होते. "शुक्रवारी अकराला कोळसा मीच घालत होतो, मास्तर. माझा धूर खंय गेलो?"

चित्रातल्या एकाही चिमणीतून धूर निघत नव्हता.

मीनाक्षीने चित्राची मागची बाजू बघायला सांगितलं. राधाबाईंनी चित्र उतरवलं आणि मागचा पुठ्ठा हलकेच सोडवला. आत मीनाक्षीचं अक्षर होतं: 'मंगळवार, सकाळी ११. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. गिरण्या बंद. आज ढग पायथ्यापासून दिसला.'

काकांची मान खाली गेली. आपल्याला आता असं जमत नाही, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

राधाबाईंनी चित्राखालचं नाव बदललं. तिघांच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, असं म्हणत दत्तारामांनी त्यांची पाठ थोपटली. लिओनार्ड आणि गुरुदत्त फुगून दुप्पट झाले.

मीनाक्षीने काकांचा ब्रश खिशातून काढून त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही नुसतं चांगलं झालंय म्हणाला असतात ना, काका," ती म्हणाली, "तर मी हे चित्र तुम्हालाच देणार होते."